बसलेला, बुटका की लांबचा?

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात बसण्याचा इतिहास आहे. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याची प्रगती सुरू झाली असं शास्त्रज्ञ म्हणतात. पण उभं राहिल्याबरोबर त्याच्या मनात पहिला विचार आला असेल तो 'आता टेकायचं कुठे' हाच. सिंहासन, न्यायासन, हेडक्लार्कची खुर्ची, सगळं त्या एका विचारातून जन्माला आलं. हे उद्गार मी आमच्या चौकाच्या मधोमध, कलत्या उन्हात, एका हातात बायकोची पिशवी आणि दुसऱ्या हातात बायको अशा अवस्थेत काढले.

त्यावर बायको म्हणाली, "ते सगळं खरं हो. पण मी आत्ता कुठे बसू?"

आमचा चौक म्हणजे चार रस्ते एकमेकांना आडवे जातात आणि शिव्या देतात तो नव्हे. गावाच्या मध्यभागी दगडी फरशीचं हे भलंमोठं पटांगण आहे. वाहनांना मज्जाव. एका बाजूला घड्याळाचा मनोरा, दुसऱ्या बाजूला बँक, तिसऱ्या बाजूला दुकानांची रांग आणि चौथ्या बाजूला बायकोची थोरली बहीण. ताई ही व्यक्ती आहे, बाजू नव्हे, हे मला मान्य आहे. पण पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून ती चौकावर ज्या नजरेने देखरेख ठेवते, ती पाहता नकाशात तिची स्वतंत्र नोंद व्हायला हवी.

आम्ही राहतो मनोऱ्याच्या मागे. बायको रोज संध्याकाळी चौक ओलांडून ताईकडे जाते आणि दोघी भांडतात. विषय कायम एकच: आईचं शिवणयंत्र कोणाला मिळायला हवं होतं. ते यंत्र कधीच भंगारात गेलं. भांडण मात्र उत्तम चाललंय, तेलसुद्धा लागत नाही. भांडून बायको घरी येते ती अशी टवटवीत, की औषधाच्या कुठल्याही बाटलीने तसा गुण येणार नाही.

आणि आता तिच्या गुडघ्याने संप पुकारला होता. अर्ध्या चौकापर्यंत तो मुकाट्याने चाले, तिथे पोचला की अडून बसे. बसे म्हणजे तो बसे. बायकोला बसायला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "चाला, पण मध्ये टेकत टेकत चाला." कशावर, ते त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

"फोनवर भांडा की," मी सुचवलं.

"फोनवर काय डोंबल भांडायचं? हरायला लागली की ती ठेवून देते."

"मग ताईंनाच इकडे बोलवू."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. जणू मी सूर्यालाच पश्चिमेकडून यायला सांगितलं होतं. थोरलीने धाकटीच्या घरी जायचं नसतं, धाकटीने थोरलीकडे यायचं असतं, हे ताईचं तत्त्व. ताई तत्त्वाची पक्की आहे. पायांनाही ठणठणीत आहे, पण तत्त्व पायांच्या वर असतं.

तेव्हा प्रश्न साधा होता. चौकाच्या मध्यावर बसण्याजोगी एखादी वस्तू हवी.

त्या निमित्ताने मी आयुष्यात पहिल्यांदा चौकाकडे नीट पाहिलं, आणि थक्क झालो. एवढ्या मोठ्या चौकात एकही बाकडं नाही, आणि तरी सगळं गाव तिथे बसलेलं. पेपरवाला कालच्या न विकलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर बसे. फुलवाली पालथ्या बादलीवर बसे; शेजारची सुलटी बादली फुलांची. प्रेमात पडलेली मंडळी बँकेच्या पायऱ्यांवर बसत आणि पहारेकरी आला की व्याजाचे दर वाचत. पेन्शनर दिव्याच्या खांबाला पाळीपाळीने टेकत. ज्याची पाळी नसे तो ज्याची असे त्याच्याकडे पाहून घड्याळ बघे. कायमची, हक्काची, कोणी उठवणार नाही अशी जागा फक्त कबुतरांना होती, मनोऱ्यावर.

पहिला प्रयोग मी घडीच्या स्टुलाचा केला. बायको दुकानात दोरा घ्यायला गेली तेवढ्यात, स्टूल पुरेसं भक्कम आहे ना ते पाहावं म्हणून, मी मध्यावर ते उघडून बसलो. पिशवी पुढ्यात ठेवली. एक सुटाबुटातले गृहस्थ आले आणि त्यांनी पिशवीवर आपला डावा बूट ठेवला.

"काळं पॉलिश. जरा लवकर."

"अहो, मी विमा कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क आहे!"

"छान, छान," ते म्हणाले. "निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करत राहावंच."

त्यांना मी काही सणसणीत बोलणार, तोच नगरपालिकेचा शिपाई येऊन उभा राहिला. "परवाना?"

"बसण्याचा?"

"धंद्याचा."

तो प्रसंग मी विसरून गेलो असतो, पण आम्ही घरी पोचायच्या आत फोन वाजत होता. पलीकडून ताईचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू येत होता. "काय गं, जावईबापूंनी पॉलिशचं काम धरलंय म्हणे? हात बसलाय का? माझे चप्पल-जोड पडलेत तसेच."

एखाद्या माणसाने इथे माघार घेतली असती. पण स्वाभिमानी माणूस ठेच लागल्यावर मागे फिरत नाही, पुढे जाऊन दुसऱ्या दगडाला अडखळतो. स्टूल अडगळीत टाकून मी नगरपालिकेकडे पक्कं, सरकारी, फरशीत रोवलेलं बाकडं मागायचं ठरवलं.

हे ठरताच वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. त्यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांना जन्म सोडून सगळ्याचा अनुभव आहे, आणि जन्माबद्दलही ते ठामपणे बोलतात. "बाकडं म्हणू नका," अनुभवी म्हणाले. "माझा अनुभव सांगतो. बाकडं म्हटलं की टेबलावरचा माणूस म्हणतो, सुतार बघा. 'सार्वजनिक आसनव्यवस्था' म्हणा. म्हणजे त्याला कळत नाही, आणि कळलं नाही की तो साहेबांकडे पाठवतो."

हे मात्र तंतोतंत खरं ठरलं. मला थेट अभियंतासाहेबांकडे पाठवण्यात आलं. साहेब अतिशय सज्जन. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाकडं सोडून सगळं दिलं.

"असं आहे काका," ते म्हणाले, "सार्वजनिक जागेत बाकडं द्यायचं तर तिथे बसण्याची वहिवाट लागते. तुमच्या चौकात लोक बसत नाहीत."

"बाकडं नाही म्हणून बसत नाहीत!"

"आणि बसत नाहीत म्हणून बाकडं नाही. बघा, आपलं एकमत आहे."

"पण पेपरवाला बसतो, फुलवाली बसते..."

"ते बसत नाहीत, ते अतिक्रमण करतात." साहेबांनी आवाज खाली आणला. "पूर्वी, जुन्या काळी, लोक तिथे बसत होते असा काही पुरावा आणा. इतिहास आणा. इतिहास असला की वहिवाट आपोआप येते."

आता बायकोच्या गुडघ्यासाठी मला इतिहास लागणार होता. अनुभवींच्या ओळखीचे एक निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनी माझी मागणी डोळे मिटून ऐकली. डोळे उघडल्यावर म्हणाले, "आपल्या चौकावर अद्याप मूलभूत संशोधन झालेलं नाही, ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे." म्हणजे जे काही म्हणू ते पहिलंच ठरणार होतं.

पुरावा सापडला तो केशकर्तनालयात. चौकातल्या सलूनवाल्याकडे मी वर्षानुवर्षं दाढीला जातो. त्याच्या आरशाच्या वर चौकाचा एक जुनाट फोटो लावलेला आहे. फरशी आहे, कबुतरं आहेत, रुबाबदार कोट घातलेली माणसं उभी आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात एक माणूस इतरांच्या मानाने चांगलाच खाली आहे. त्याच्या पायांशी फोटोवर नेमका डाग पडलाय. मी हा फोटो शेकडो वेळा पाहिला असेल, पण आजवर माझं लक्ष कायम वस्तऱ्याकडे असे.

"हा बसलेला आहे!" मी ओरडलो.

गळ्यावरचा वस्तरा थांबला. माझ्या चेहऱ्याची एक बाजू तुळतुळीत, दुसरी फेसाने भरलेली.

"कोण बसलंय?" सलूनवाल्याने शांतपणे विचारलं.

"तो कोपऱ्यातला."

"ते माझे पणजोबा आहेत," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात धंद्याच्या वेळी कोणी बसलेलं नाही. पणजोबा उभे आहेत."

"बरं, बरं. उभे आहेत," मी वस्तऱ्याकडे बघत म्हणालो. "म्हणजे ते अंमळ... बुटके होते."

आरशात मला दिसलं की सलूनवाला लाल होत होता. हा माणूस स्वतः पाटावर उभा राहून दाढी करतो, हे मी त्या क्षणी विसरायला नको होतं.

"बुटकं कोणाला म्हणता?"

"मग बसले होते?"

"आळशी कोणाला म्हणता?"

आता सत्याचा शोध आणि उरलेली दाढी, दोन्ही त्याच्याच हातात होतं. पाटावर टाचा उंचावून त्याने फोटोला नाक लावलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"कॅमेऱ्यापासून लांब आहेत," तो म्हणाला. "पूर्ण उंचीचे आहेत, उभे आहेत, आणि लांब आहेत."

अर्ध्या दाढीनिशी मी बाहेर पडलो, कारण उरलेली करण्याआधी त्याला माझ्याकडून कबुली हवी होती, आणि मला बाकडं.

दुसऱ्या दिवसापासून चौकात तीन पक्ष झाले. बसलेले, बुटके आणि लांबचे. प्राध्यापक बसलेल्यांचे नेते. त्यांच्या मते त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं समाधान उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊच शकत नाही. पेन्शनर मंडळी एकजात बुटक्यांच्या बाजूची. त्यात वैचारिक काही नव्हतं, सलूनवाल्याने कोणाचे तरी कल्ले वरखाली कापले होते. लांबच्यांत खुद्द सलूनवाला आणि ज्यांच्या दाढ्या उधारीवर होत्या ते सगळे. पेपरात पत्रं आली. बँकेच्या पायऱ्यांवरची प्रेमी मंडळीसुद्धा ह्या मुद्द्यावर भांडली आणि वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसू लागली.

ह्या सगळ्यात बायकोचं मात्र उत्तम चाललं होतं. चौकाच्या मध्यावर कायम वाद पेटलेला असे, आणि वाद घालणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी "काकू, तुम्ही बसा, तुम्हीच निवाडा करा" म्हणत गठ्ठा नाहीतर बादली पुढे करी. ती बसे, दोन्ही बाजू ऐकल्यासारखं करी, गुडघा शांत झाला की "विचार करून सांगते" म्हणून उठे आणि ताईकडे जाई. मला तेव्हाच थांबायची बुद्धी व्हायला हवी होती. पण मला इतिहासाची चटक लागली होती. लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले होते. विमा कचेरीत असताना लोक मला बघून रस्ता बदलत.

शेवटी प्राध्यापकांनी प्रयोगच करायचं जाहीर केलं. तोच फोटो, तीच जागा, तोच कोन. फोटोग्राफर मनोऱ्याच्या खिडकीत बसला. कोपऱ्यातल्या माणसाच्या जागी मी. चौकात हा एवढा जमाव! ताई गॅलरीत दुर्बीण घेऊन.

आधी मी बादलीवर बसलो. क्लिक. मग गुडघे वाकवून बुटका झालो. फोटोग्राफर वरून ओरडला, "अजून खाली! अजून! हलू नका!" माझे पाय थरथरायला लागले. बायको गर्दीतून म्हणाली, "जपून हो, एका घरात एकच गुडघा पुरे." क्लिक.

मग लांबचा. "मागे जा!" फोटोग्राफर ओरडला. मी मागे गेलो. "अजून मागे! अजूनही मोठेच दिसताय!" जमाव दुभंगून वाट देत होता. मी कॅमेऱ्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर ऐतिहासिक भाव ठेवून उलटा चाललो होतो. "अजून! अजून! इंचभरच..." आणि माझी टाच कशाला तरी लागली, आणि मी मागच्या मागे खाली बसलो. फुलवालीच्या सुलट्या बादलीत. पाण्यासकट, फुलांसकट, कमरेपर्यंत घट्ट.

"हां!" मनोऱ्यावरून आरोळी आली. "अगदी तस्सं! हुबेहूब! हलू नका!"

मी हलू शकत नव्हतोच. क्लिक.

तिन्ही फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवले. बसलेला मी, बुटका मी, दोन्ही जुन्या फोटोच्या जवळपासही नव्हते. तिसरा मात्र असा बेमालूम जुळला की प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ते गृहस्थ," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "बादलीत पडले होते."

सलूनवाल्याला चौघांनी धरलं.

ही सगळी बोंबाबोंब नगरपालिकेपर्यंत गेली आणि एके सकाळी अभियंतासाहेब जातीने चौकात आले. त्यांनी जुना फोटो पाहिला, मनोरा पाहिला, तिन्ही पक्ष पाहिले. भारावून माझे हात हातात घेतले.

"काका, एवढा इतिहास! आम्हाला कल्पनाच नव्हती."

"मग बाकडं?"

"छे, छे! आता कसलं बाकडं? ज्या चौकाला इतका इतिहास आहे, तिथे नवी वस्तू ठेवायची नसते. हा आता संरक्षित चौक झाला. तुमच्यामुळे!"

दोन दिवसांत चौकाच्या बरोब्बर मध्यावर, जिथे मला बाकडं हवं होतं तिथे, एक पाटी रोवली गेली: 'हा चौक ऐतिहासिक आहे. येथे कोणतीही नवीन वस्तू ठेवू नये.' पाटी नवीन होती, पण तिचा स्वतःबद्दल तसा काही आग्रह दिसला नाही. पेन्शनर तिला टेकू लागले. मग तिच्याशेजारी दुसरी पाटी आली: 'पाटीस टेकू नये.'

आणि मग चौक साफ झाला. जुन्या फोटोत जे नाही ते हटवायचं, असा हुकूम होता. पेपरवाल्याचा गठ्ठा गेला. बँकेच्या पायऱ्यांना साखळी लागली. फुलवालीची बादली गेली, दोन्ही गेल्या. फोटोत होती ती फक्त कबुतरं, ती राहिली. सगळं गाव उभं. बघावं तिकडे माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर जातायत, जसा काही एखादा मंद नाच चाललाय.

"काका," फुलवाली मला म्हणाली, "तुमचा इतिहास छान आहे हो. पण माझी बादलीच बरी होती."

विम्याच्या नोकरीत मला कुठल्याही तक्रारीला उत्तर सुचत असे.

बायकोने ताईकडे जाणं बंद केलं. तक्रार नाही, चिडचिड नाही. संध्याकाळी ती खिडकीशी उभी राही. समोर चौकापलीकडे गॅलरीत ताई उभी असे. फोन लागे. शिवणयंत्राचं निघे, पण दोन वाक्यांत विझे. एकदा ताई म्हणाली, "बरं बाई, तुझंच यंत्र." बायकोने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "ऐकलंत? सरळ मान्य केलं तिने. आम्ही म्हाताऱ्या झालो हो." त्या रात्री आमच्या घरात ताटं तशीच राहिली. अनुभवीसुद्धा वरून खाली आले नाहीत, ह्यावरून काय ते समजा.

मी अभियंतासाहेबांकडे गेलो. म्हटलं, हवं तर मी लिहून देतो की चौकाला काही इतिहास नाही, मी बादलीत पडलो तो अपघात होता. साहेब कळवळून म्हणाले, "काका, आता उशीर झाला. तुमचा सत्कार ठरलाय."

खरोखरच ठरला होता. चौकाचे रक्षणकर्ते म्हणून, भर चौकात, नगराध्यक्षांच्या हस्ते. व्यासपीठ आणि त्यावरच्या खुर्च्या यांना एका संध्याकाळपुरती खास सवलत होती. प्रेक्षकांना नव्हती, त्यांनी इतिहासाला शोभेल असं उभं राहायचं होतं. मी आधी नाही म्हणणार होतो. अनुभवी म्हणाले, "जा. माझा अनुभव आहे, माइक हातात आला की माणसाला अडवता येत नाही." तेव्हा ठरवलं, सत्कार घ्यायचा आणि भाषणात बाकडं मागायचं, सगळ्या गावासमोर. भाषणाची तयारी मी आरशासमोर उभं राहून केली. एखादा हुंदकाही बसवला होता.

"तू येऊ नकोस," मी बायकोला म्हणालो. "मध्यावर उभं राहावं लागेल."

"येणार," ती म्हणाली. "तुमचा सत्कार रोज कुठे होतोय?"

व्यासपीठ चौकाच्या मध्यावरच होतं, दोन्ही पाट्यांच्या मागे. खुर्च्यांवर नगराध्यक्ष, अभियंतासाहेब, प्राध्यापक, पणजोबांचे वारस म्हणून सलूनवाला, आणि मी. सलूनवाला आता लांबचा पक्ष सोडून कोणत्याही पक्षात नव्हता. पणजोबांचं नाव पत्रिकेत छापून आल्यावर त्याची उंचीबद्दलची तक्रार संपली होती. माझी राहिलेली अर्धी दाढीही त्याने त्या सकाळी करून दिली. पुष्पगुच्छ झाला, टाळ्या झाल्या, आणि मी माइकपाशी गेलो.

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात..."

आणि मला बायको दिसली. गर्दीच्या पुढच्या रांगेत, चेहरा पांढराफटक, एक हात पाटीवर. 'पाटीस टेकू नये' त्या पाटीवर. शिपाई तिच्या दिशेने निघाला होता.

बायकोने शिपायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आणि व्यासपीठाची पायरी चढायला लागली. एक पाऊल, दम. दुसरं पाऊल, दम. लोकांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती आली, माझ्या खुर्चीत बसली, पाय लांब केला आणि असा एक सुस्कारा सोडला की तो माइकमधून मनोऱ्यापर्यंत गेला. कबुतरं उडाली.

"...बसण्याचा इतिहास आहे," मी वाक्य पुरं केलं.

एवढ्यात गर्दीच्या पलीकडच्या टोकाला हालचाल झाली. माणसं बाजूला सरत होती. ताई! गॅलरी सोडून, जिना उतरून, दुर्बीण गळ्यात तशीच, ताई ताडताड चालत व्यासपीठाकडे येत होती. पायरी चढून ती थेट बायकोसमोर उभी राहिली.

"मी तुझ्या घरी आलेली नाही," ताई म्हणाली. "हा चौक आहे. लक्षात ठेव."

"मी बोलावलंच नव्हतं," बायको म्हणाली.

"आणि त्या दिवशी फोनवर म्हटलं ते कापून टाक. यंत्र माझंच होतं."

"तुझं? सुई तरी ओवता येत होती का तुला?" बायकोच्या गालांवर रंग चढायला लागला होता. मग तिने नगराध्यक्षांकडे मान वळवली. "अहो साहेब, जरा उठता का? ही माझी थोरली बहीण."

नगराध्यक्ष उठले. इतक्या वर्षांच्या राजकारणात त्यांना विरोधी पक्षानेही उठवलं नव्हतं. ताई त्यांच्या खुर्चीत बसली आणि आईने कोणाला काय कबूल केलं होतं ते पहिल्यापासून सुरू झालं. नगराध्यक्ष माझ्या शेजारी उभे राहिले. थोडा वेळ डाव्या पायावर. मग उजव्या पायावर. मग पुन्हा डाव्या. मग मागे वाकून अभियंतासाहेबांच्या कानात म्हणाले, "अहो, ह्या एवढ्या मोठ्या चौकात एखादं बाकडं का नाही?"

अभियंतासाहेब खुर्चीतून उडाले. ती खुर्ची त्यांनी नगराध्यक्षांना दिली आणि स्वतः उभे राहून म्हणाले, "आज्ञा सर. बाकडं उद्याच." समोरची गर्दी हे माइकवरून ऐकून जी ओरडली, ते मी जन्मात विसरणार नाही. पेन्शनर एकमेकांना मिठ्या मारत होते. पेपरवाल्याने टोपी उडवली. फुलवालीने शिट्टी वाजवली, चक्क दोन बोटं तोंडात घालून. प्राध्यापक आणि सलूनवाला हातात हात घालून उभे होते. आणि माइक माझ्या हातात होता!

आयुष्यात एकदा माणसाचा क्षण येतो. मी छाती फुगवली. आवाज असा लागला की मलाच तो ओळखू येईना. "मित्रहो!" मी गर्जलो. "आज ह्या फरशीवर इतिहास घडतोय! पुढच्या पिढ्या ह्या बाकड्यावर बसतील आणि म्हणतील, एक सामान्य हेडक्लार्क होता, जो सगळ्यांना बसता यावं म्हणून एकटा उभा राहिला, आणि..."

मागून कोणीतरी माझा कोट ओढला. मी वळून पाहिलं. बायको होती. ताईचा एक हात हवेत, शिवणयंत्राच्या झाकणाचा आकार दाखवत. दोघींचे डोळे नुसते लकाकत होते.

"अहो," बायको म्हणाली, "जरा हळू बोलता का? ताई काय म्हणतेय ते मला ऐकू येत नाहीये."